‘फास्ट’ गाडी खरोखरच वेगात धावते का?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही नेरुळला राहता आणि एका रविवारी ठाण्यामार्गे मुंबईला निघाला आहात असे समजा. ठाणे स्थानकात तुम्ही गाडी बदलता. समोरच्या दर्शकावर गाडीच्या वेळेशेजारी एक इंग्रजी अक्षर झळकत असते, ‘एफ’ किंवा ‘एस’. ‘एफ’ म्हणजे फास्ट, ‘एस’ म्हणजे स्लो. ध्वनिक्षेपकावरून एका गाडीला जलद म्हणतात, दुसरीला धिमी. सगळी गर्दी ‘एफ’कडे धाव घेते.

आता मला एका प्रश्नाचे उत्तर द्या. फास्ट गाडी स्लो गाडीपेक्षा जोरात धावते का?

“अर्थातच! नाहीतर तिला फास्ट कशाला म्हणतील?” असे तुम्ही म्हणाल. पण जरा दोन्ही गाड्यांकडे नीट पाहा. डबे तसेच, मोटारी तशाच, चाकेही तशीच. आज जी गाडी फास्ट म्हणून धावते, तीच संध्याकाळी स्लो म्हणूनही धावू शकते. मग फरक कुठे आहे? फरक आहे तो थांब्यांचा. ठाण्याहून मुंबईकडे जाताना धिमी गाडी मुलुंडपासून मशीदपर्यंत वाटेतल्या सतराही स्थानकांवर थांबते. फास्ट गाडी त्यांतली डझनभर स्थानके गाळून पुढे जाते.

एक थांबा गाळला तर किती वेळ वाचतो, याचा ढोबळ हिशेब आपण करू या. गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर या चालीने जात आहे. थांबताना तिची चाल दर सेकंदाला अर्ध्या मीटरने कमी होते आणि निघताना तितकीच वाढते असे धरू. म्हणजे थांबायला ४० सेकंद लागतील आणि पुन्हा पूर्ण चाल घ्यायला ४० सेकंद. या ८० सेकंदांत गाडी ८०० मीटर अंतर कापेल. हेच ८०० मीटर न थांबता कापायला फक्त ४० सेकंद पुरले असते. म्हणजे ४० सेकंदांचा तोटा झाला. त्यात फलाटावर उभे राहण्याचे २० सेकंद मिळवा. एका थांब्याची किंमत झाली बरोबर एक मिनिट! बारा थांबे गाळले की बारा मिनिटे वाचली.

तेव्हा फास्ट गाडी फार जोरात धावते असे नाही. ती कमी वेळा थांबते, म्हणून लवकर पोहोचते. ‘लवकर पोहोचणे’ आणि ‘जोरात धावणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण त्या दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो आणि तेथेच घोटाळा होतो.

या बाबतीत आणखी एक गंमत सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे. सुमारे ३४ किलोमीटरचे ते अंतर तिने ५७ मिनिटांत कापले. भागाकार करून पाहा. सरासरी चाल येते ताशी जवळपास ३६ किलोमीटर. आजची धिमी लोकलही हे अंतर कापायला तासाभराच्या आसपासच वेळ घेते! विजेची मोटार वाफेच्या त्या इंजिनापेक्षा दुबळी आहे असे मात्र समजू नका. दोन स्थानकांच्या मध्ये आजची लोकल त्या गाडीला सहज मागे टाकील. पण वाढवलेली चाल ती प्रत्येक स्थानकावर गमावते आणि पुन्हा नव्याने कमावते.

आजीची तीन वाक्ये

तुमचा इंग्रजी–मराठी शब्दकोश उघडा. ‘फास्ट’ या शब्दापुढे ‘जलद’ असे लिहिलेले आढळेल. ‘क्विक’पुढेही जलद, ‘रॅपिड’पुढेही जलद आणि ‘स्विफ्ट’पुढेही जलदच. मग एवढे शब्द हवेत कशाला? इंग्रजीच्या पेपरात तर एकाच्या जागी दुसरा लिहिला की लाल रेघ मिळते. ‘क्विक लंच’ चालते, पण त्या अर्थाने ‘रॅपिड लंच’ कोणी म्हणत नाही. मोटार ‘फास्ट’ असते, नाडी मात्र ‘रॅपिड’ चालते.

हे शब्द पाठ करत बसण्याची गरज नाही. याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. आजी दिवसभरात काय काय म्हणते ते आठवा.

“पटकन इकडे ये.”

“ताटं पटापट उचला.”

“भरभर चाल, बस निघून जाईल.”

ही तीन वाक्ये तपासून पाहा. ‘पटकन’ हे एका कृतीबद्दल आहे. ती कृती थोड्या वेळात उरकावी एवढेच आजीला हवे आहे. ‘पटापट’मध्ये एकच कृती पुन्हा पुन्हा होते, एकामागून एक ताट उचलले जाते. ‘भरभर’मध्ये वाट आहे, वाट तुडवणारा माणूस आहे, आणि एका मिनिटात किती वाट मागे पडते हा मुद्दा आहे. आता शब्दांची अदलाबदल करून पाहा. “एक ताट पटापट उचल” असे म्हटले तर कानाला खटकते. “भरधाव मोटार” असे आपण म्हणतो, पण “मुलाने भरधाव उत्तर दिले” असे म्हणत नाही.

म्हणजे हा भेद आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. चटकन, पटकन, झटकन हे एका घावाचे शब्द. पटापट, धडाधड, सटासट हे पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींचे शब्द. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर येथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. किती चालीने? किती वेळात? आणि किती दराने? एकेक प्रश्न घेऊन पाहू या.

फास्ट : किती चालीने?

‘फास्ट’ हा शब्द मुख्यतः धावणाऱ्याचा आहे. फास्ट मोटार, फास्ट धावपटू, फास्ट गोलंदाज. येथे आपण अंतराला वेळेने भागतो. या भागाकाराला भौतिकशास्त्रात चाल म्हणतात.

या शब्दाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’चा अर्थ होता घट्ट, पक्का, न हलणारा! आजही खुर्चीचा पट्टा आवळणे याला इंग्रजीत ‘फासन’ म्हणतात आणि धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाला ‘फास्ट कलर’ म्हणतात. उपवासाला ‘फास्ट’ म्हणतात तेही निश्चय घट्ट धरायचा म्हणूनच. मग न हलणारा शब्द धावू कसा लागला? नेट धरून, जोर न सोडता धावणे, या अर्थाने तो आधी क्रियेला चिकटला आणि पुढे धावण्याच्या चालीचाच वाचक झाला. आपल्याकडे ‘जोरात ओढ’ आणि ‘जोरात पळ’ या दोन्हींत एकच ‘जोर’ आहे, तसेच हे.

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. चाल विचारताना ‘कोणत्या क्षणाची?’ हेही विचारले पाहिजे. गाडी मानखुर्द सोडून खाडीपुलावर येते तेव्हा वारा कसा भणाणतो हे तुम्ही अनुभवले असेल. मानखुर्द ते वाशी या सुमारे ८ किलोमीटरच्या टप्प्यात एकही स्थानक नाही. या टप्प्याला आठ मिनिटे लागली असे समजू. म्हणजे सरासरी चाल झाली ताशी ६० किलोमीटर. पण त्यात निघण्याचे आणि थांबण्याचे मंद क्षणही मिसळले आहेत. तेव्हा मधल्या काही क्षणी गाडीची चाल ६० पेक्षा अधिक असलीच पाहिजे. उलट पनवेलपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सगळा ४९ किलोमीटरचा हार्बर प्रवास घेतला, तर त्याला सुमारे ८० मिनिटे लागतात. त्याची सरासरी येते ताशी ३७ किलोमीटरच्या जवळ. गाडी तीच, प्रवाशी तेच. पण पुलावर ‘फास्ट’ वाटलेली गाडी अख्ख्या प्रवासात ‘स्लो’ ठरली.

क्विक : किती वेळात?

‘क्विक’ या शब्दात अंतर नाही, फक्त वेळ आहे. काम थोडक्यात उरकले की ते क्विक. क्विक उत्तर, क्विक आंघोळ. उत्तर काही किलोमीटरमध्ये मोजत नाहीत!

याही शब्दाचा मूळ अर्थ निराळाच आहे. ‘क्विक’ म्हणजे जिवंत. पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. फुटलेल्या तापमापकातला पारा फरशीवर कसा सळसळतो याचे वर्णन मोठ्यांकडून ऐका; त्याला हात लावू नका, तो विषारी असतो. जिवंत वस्तू हाक मारताच हलते, तिच्यात चापल्य असते. त्यावरून क्विक म्हणजे चपळ आणि त्यावरून थोड्या वेळात होणारे, असा अर्थ सरकत गेला.

फास्ट आणि क्विक यांतला फरक मैदानावर फार चांगला दिसतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. त्याची सरासरी चाल येते सेकंदाला सुमारे ६.१ मीटर, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. आठ मिनिटे ही चाल टिकवणारा धावपटू फास्ट खरा.

आता खो-खोचे मैदान डोळ्यांसमोर आणा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि त्यात भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. खो-खोच्या खेळाडूला ३००० मीटर धावायचे नसते. चार पावले धावायचे, क्षणात थांबायचे, खांबाला वळसा घालायचा आणि अंगाला हुलकावणी देऊन निसटायचे. तेथे चाल किती गाठली यापेक्षा ती किती थोड्या वेळात बदलली, याला महत्त्व असते. चालीत किंवा दिशेत होणाऱ्या या बदलाच्या दराला भौतिकशास्त्रात त्वरण म्हणतात. खो-खोपटू क्विक असतो, चपळ असतो.

क्विकचा एक जवळचा नातेवाईक आहे, ‘प्रॉम्प्ट’. याचा अर्थ हाक आणि हालचाल यांच्यामध्ये वेळ न दवडणारा. जमैकाच्या उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. इशारा झाल्यापासून त्याचे पाय रेटा द्यायला लागेपर्यंत ०.१४६ सेकंद गेले होते. या काळाला प्रतिक्रियाकाळ म्हणतात. प्रतिक्रियाकाळ कोणाचाही शून्य नसतो. डोळ्यांनी किंवा कानांनी घेतलेली खबर मेंदूपर्यंत जायची, तेथे निर्णय व्हायचा आणि मग स्नायूंना हुकूम सुटायचा. या सगळ्याला वेळ लागतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

रॅपिड : किती दराने?

‘रॅपिड’ हा शब्द ‘हिसकावून घेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. खडकांवरून उसळत, हाती लागेल ते ओढून नेणाऱ्या नदीच्या प्रवाहाला इंग्रजीत ‘रॅपिड्स’ म्हणतात. आजच्या वापरात हा शब्द बहुधा बदलाबद्दल किंवा एकामागून एक घडणाऱ्या घटनांबद्दल येतो. लोकसंख्येची रॅपिड वाढ, तापमानातली रॅपिड घट. तापात नाडी रॅपिड चालते. नाडी काही मनगट सोडून कुठे जात नाही. एका मिनिटात ठोके किती, एवढाच प्रश्न असतो. ७२ च्या जागी ११० ठोके पडू लागले की डॉक्टर काळजीत पडतात. हाच तो ‘पटापट’चा अर्थ, म्हणजे दर.

चाल आणि दर यांची गल्लत केली तर काय होते ते पावसावरून पाहू. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आईवडिलांना विचारा. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. त्या दिवसाबद्दल बोलताना “पाऊस भयंकर जोरात पडत होता” असे सारे सांगतात. मग त्या दिवशी थेंब नेहमीपेक्षा फार जास्त चालीने खाली येत होते का?

नाही! पावसाचा मोठ्यात मोठा थेंबसुद्धा सेकंदाला सुमारे ९ मीटरपेक्षा जास्त चालीने पडत नाही. थेंबाची चाल वाढते तसा हवेचा विरोधही वाढतो. दोन्ही बळे तुल्य झाली की चाल वाढायची थांबते. आणि थेंब फार मोठा झाला तर तो वाटेतच फुटतो. म्हणजे साध्या सरीतल्या टपोऱ्या थेंबाची आणि त्या दिवशीच्या टपोऱ्या थेंबाची चाल सारखीच. त्या दिवशी वाढला होता तो दर. एका तासात, एका चौरस मीटरवर किती पाणी पडले, हा तो दर. चोवीस तासांची सरासरी काढली तरी तो तासाला ३९ मिलिमीटर येतो. प्रत्यक्षात काही तास तो कितीतरी जास्त होता. गटारांतून आणि नाल्यांतून पाणी वाहून जाण्याचा दर त्याच्यापुढे तोकडा पडला, त्यातच समुद्राला भरती होती, आणि शहर बुडाले. म्हणून पर्जन्यजलवाहिन्या आखणारा अभियंता “थेंब किती फास्ट?” असे विचारत नाही. तो विचारतो, “तासाला किती मिलिमीटर?” प्रश्न चुकला असता तर नाला अरुंद बांधला गेला असता.

‘स्विफ्ट’बद्दल थोडेच सांगतो. या शब्दात चालीबरोबर सहजतेची छटा आहे. जणू विनासायास सपकन निघून जाणे. संध्याकाळी पुलांच्या आणि जुन्या इमारतींच्या आसपास कोयत्यासारख्या पंखांचे काळे पक्षी किलबिलत गिरक्या घेताना तुम्ही पाहिले असतील. त्या पाकोळीचे इंग्रजी नावच मुळी ‘स्विफ्ट’ आहे.

होडी, भरती आणि दिशा

आता भौतिकशास्त्राच्या पेपरातली जुनी डोकेदुखी, ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’. इंग्रजी संभाषणात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात. ‘स्पीड’चा जुना अर्थ तर यश, भरभराट असा होता. प्रवासाला निघणाऱ्याला ‘गॉडस्पीड’ म्हणतात ते ‘देव तुला यश देवो’ या अर्थाने. पण विज्ञानाने या दोन शब्दांना वेगळी कामे वाटून दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत स्पीडला चाल म्हणतात आणि व्हेलॉसिटीला वेग. चालीत फक्त ‘किती’ असते. वेगात ‘किती’ आणि ‘कुठल्या दिशेने’ अशा दोन्ही गोष्टी असतात.

दिशेची एवढी काय मातब्बरी, असे वाटत असेल तर वाशीगाव, सारसोळे किंवा दिवाळे येथल्या कोळी बांधवांना विचारा. भरतीच्या वेळी ठाणे खाडीचे पाणी आत शिरते, ओहोटीला बाहेर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा ओघ जोरकस असतो, भांगाच्या दिवसांत मंद. समजा, होडी संथ पाण्यात ताशी ६ किलोमीटर चालीने जाते आणि भरतीचे पाणी ताशी २ किलोमीटरने आत येत आहे. पाण्याबरोबर गेलात तर किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला होडी ताशी ८ किलोमीटरने जाताना दिसेल. पाण्याविरुद्ध गेलात तर ताशी ४ किलोमीटरने. वल्ही तीच, मेहनत तीच. पण दिशा बदलताच फळ निम्म्यावर आले!

आता एक कोडे. अशा भरतीत तुम्ही ऐरोलीच्या दिशेने ४ किलोमीटर गेलात आणि लगेच मागे वळून पहिल्या जागी आलात. सरासरी चाल किती? ८ आणि ४ यांची सरासरी ६, असे उत्तर पुष्कळ जण देतात. वर्गातही बहुतेक हात याच उत्तरासाठी वर होतात. पण ते चूक आहे. जायला अर्धा तास लागला, यायला एक तास. एकूण ८ किलोमीटर, दीड तासात. सरासरी चाल झाली ताशी सुमारे ५.३ किलोमीटर. मंद चालीने जास्त वेळ काढला, म्हणून तिचे वजन जास्त पडले. आणि सरासरी वेग? तो शून्य! तुम्ही जेथून निघालात तेथेच परत आलात, म्हणजे विस्थापन शून्य झाले. हात दुखेपर्यंत वल्हवणाऱ्याला हे उत्तर अन्यायाचे वाटेल, पण वेग दिशेचा हिशेब ठेवतो, घामाचा नाही.

जाता जाता रस्त्याकडेच्या फलकाकडेही पाहा. त्यावर ‘वेगमर्यादा’ असे लिहिलेले असते. पाठ्यपुस्तकाच्या काटेकोर भाषेत ती ‘चालमर्यादा’ आहे, कारण तुम्ही उत्तरेला जा की दक्षिणेला, दंड सारखाच! रोजच्या बोलण्यात वेग म्हटले म्हणून काही बिघडत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र हा फरक विसरू नका.

अडीच मिनिटांची किंमत

“सर, हे सगळे ठीक आहे, पण शब्दांचा एवढा कीस कशाला?” असे कोणी विचारील. तर मग हे शेवटचे गणित नीट वाचा. कधीकधी शब्दांची गल्लत जिवावर बेतते.

वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग सुमारे १० किलोमीटरचा आहे. रुंद, सरळ आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जावा असा. ताशी ६० किलोमीटरने तो कापायला १० मिनिटे लागतात. ताशी ८० ने साडेसात मिनिटे. म्हणजे वाचली अडीच मिनिटे, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. शेवटच्या चौकात लाल दिवा लागला की दोन्ही मोटारी शेजारीशेजारी उभ्या! चाल वाढली म्हणून माणूस लवकर पोहोचतोच असे नाही, हे फास्ट लोकलने आपल्याला शिकवलेच आहे.

आता समजा, एक मूल अचानक रस्त्यावर आले. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्यानंतर ब्रेकमुळे चाल दर सेकंदाला ताशी सुमारे २२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ६ मीटरने कमी होते असे धरू.

६० च्या चालीची मोटार सेकंदाला १६.७ मीटर जाते. पहिल्या सेकंदात तेवढे अंतर गेले. ब्रेक लागल्यावर आणखी २३ मीटर. एकूण जवळपास ४० मीटरवर ती उभी राहते. मूल ४० मीटरवर असेल तर जेमतेम वाचते.

८० ची मोटार पहिल्याच सेकंदात २२ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर तिला ४१ मीटर हवे असतात, कारण ब्रेकचे अंतर चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण झाले ६३ मीटर. मग ४० मीटरवरच्या त्या मुलापाशी ती पोहोचते तेव्हा तिची चाल किती उरलेली असते? वीस असेल, असे तुम्हाला वाटेल. गतीची समीकरणे वापरून काढा. उत्तर येते ताशी सुमारे ६० किलोमीटर! जेथे पहिली मोटार पूर्ण थांबली, तेथे दुसरी अजून साठच्या चालीने धावते आहे. अडीच मिनिटांची किंमत ही अशी असते.

“माझा ब्रेकवर ताबा आहे, मी फार क्विक आहे,” असे फुशारकीने सांगणारे मोठे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना विचारा, किती क्विक? त्यांनी प्रतिक्रियाकाळ ०.२ सेकंदांनी कमी केला असे मानले, तरी ८० च्या चालीला वाचतात ४.४ मीटर. हवे आहेत २३ मीटर! चपळाई चालीची भरपाई करू शकत नाही. क्विक आणि फास्ट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि येथे त्यांच्यामध्ये एका मुलाचा जीव उभा आहे.

करून पाहा

तुमचा प्रतिक्रियाकाळ मोजायला ३० सेंटिमीटरची एक पट्टी पुरे. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीला न लावता सज्ज ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडील, तुम्ही ती पकडा. बोटे १० सेंटिमीटरच्या खुणेवर मिळाली तर तुम्हाला ०.१४ सेकंद लागले, २० वर ०.२० आणि ३० वर ०.२५. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा. मग मित्राला तुमच्याशी गप्पा मारायला सांगून पुन्हा दहा वेळा करा आणि दोन्ही सरासऱ्या शेजारीशेजारी लिहा. गाडी चालवताना फोनवर बोलू नये असे का म्हणतात, याचा विचार त्या दोन आकड्यांवरून करा.

दुसरा प्रयोग लोकलमध्ये करता येईल. दारात नव्हे, आत बसून! दोन स्थानकांच्या मधला वेळ आणि फलाटावरचा थांबा असे दोन रकाने वहीत आखा. वाशी ते पनवेल नोंदी घ्या. गाडी धावण्यात किती वेळ घालवते आणि उभी राहण्यात किती, हे पाहून तुम्हाला नवल वाटेल.

आणि पुढच्या वेळी आजीने “पटकन ये” म्हटले, तर लगेच जा. “आजी, चाल हवी की वेळ?” असे विचारत बसू नका. तेवढा भौतिकशास्त्राचा अभ्यास तिचा केव्हाच झालेला आहे.